वरवंट्याचं बारसं

सकाळपासून छबूनं तिघांची लाज काढली होती, आणि बारशाच्या बायका अजून जमायच्याच होत्या.

पहिली गेली बापाची. सयाजी अंघोळ करून बाळाला बघायला मधल्या घरात आला, तर ही साडेचार वर्षांची बया बाळाचा वरचा ओठ दोन बोटांनी उचलून आत डोकावत बसलेली.

"बाबा, ह्याला दात न्हाईत."

"यील की पुढं."

"आप्पा म्हस घेताना आधी दात बघत्यात. तुमी बघितलं न्हाई व्हय? फशिवलं तुमाला."

सोप्यात गणपतराव गंगावेशीतनं दूध घालून नुकतेच येऊन टेकले होते. सयाजीचा थोरला भाऊ, छबूचे आप्पा; म्हशींचा सगळा व्याप त्यांचा. त्यांनी हातातला चहा सांडेस्तोवर हसून घेतलं आणि बसल्या जागेवरनं आत ओरडून सांगितलं, "सया, जा, परत करून ये जा!" उद्यमनगरात दिवसभर लेथवर उभा राहणारा, चार माणसांत ताठ बोलणारा सयाजी पोरीपुढनं टॉवेल झटकत सटकला.

दुसरी आजीची. धोंडुबाई सुपारी कातरत बसली होती. छबू तिच्या बोळक्या तोंडासमोर तोंड नेऊन म्हणाली, "आज्जी, तुझं आन् बाळाचं दात एकाच डब्यात ठिवल्यात काय?"

आणि तिसरी साक्षात देवाची. नैवेद्याचं ताट देव्हाऱ्यापुढं ठेवलं, पाणी फिरवलं आणि लगेच उचललं, तर ही कमरेवर हात ठेवून उभी. "दाखवून परत घेतलं. मला असं केलं असतं तर मी किती रडले असते! देव लई गुणाचा हाय."

या घराला एक खोड होती. छबू काही बोलली की ते लगेच दुसऱ्याला सांगायचं. न्हाणीघरातलं बोलणं चुलीपाशी यायचं, चुलीपाशचं गोठ्यात जायचं, आणि संध्याकाळी जेवताना पुन्हा पहिल्यापासून सगळं. पाहुणा आला की चहाच्या आधी छबू. "छबे, सांग की गं, म्हशीला मिशा का नसत्यात ते!" पोर सांगायची, माणसं लोळायची. आपण काय बोललो म्हणून हसतात ते तिला कधी कळायचं नाही, पण हसतात म्हणून तिला बरं वाटायचं.

शालूला मात्र आज हसू येत नव्हतं. बाराव्या दिवसाची बाळंतीण, बाजेवर बसून होती, आणि तिच्या पायथ्याशी तिची आई बाळाबाई. काल दुपारच्या एस.टी.नं कुरुंदवाडहून आली होती ती, दोन पिशव्या आणि एक पत्र्याची पेटी घेऊन. पेटीतनं बाळाचं अंगडं-टोपडं, लाल मखमलीची कुंची, चांदीचे वाळे काढून झाले, आणि मग तिनं हळूच दार लोटून घेतलं.

"शाले, एक सांगते, मनाला लावून घिऊ नगंस. पाळण्यापाशी तुज्या थोरल्या जावंला नको."

"का?"

"का म्हणून काय इचारतीस? कूस उजवली न्हाई तिची. पयल्या येळंला पोरगी हुती, म्या तोंड उघडलं न्हाई. ह्यो लेक हाय."

"आई, छबूला आक्कांनीच वाढवलंय."

"म्हणूनच म्हणते. एक नेलीच की तिनं."

खोटं कशाला सांगा, हे शेवटचं वाक्य शालूला नेमकं लागलं. वांझपणाची गोष्ट तिला स्वतःला पटत नव्हती. पण 'एक नेलीच' हे मात्र तिच्याच मनात चार वर्षं होतं, फक्त कुणी बोलून दाखवलं नव्हतं. छबू पडली, लागलं, की 'काकू' म्हणून रडायची. ताप आला की थोरल्या जावेच्या, बयाबाईच्या कुशीत. गेल्या दिवाळीत शालूनं स्वतःच्या कानानं ऐकलं होतं. बयाबाई पाट्यावर चटणी वाटत होती आणि छबू तिच्या पाठीला टेकून विचारत होती.

"काकू, आईच्या पोटात बाळ हाय. तुझ्या पोटात कोण ऱ्हातंय?"

"कुणी न्हाई बाई."

"रिकामंच हाय?"

"रिकामंच."

"मग मी येऊ? मी पाय दुमडून बसते. जागा कमी लागंल."

बयाबाईचा वरवंटा थांबला होता. ही गोष्ट मात्र बयाबाईनं जेवताना कुणाला सांगितली नाही. शालूनंही सांगितली नाही. ती तशीच मागच्या पावली परतली, आणि रात्री छबूला जबरदस्तीनं स्वतःजवळ निजवलं. पोर रडून रडून झोपली.

"तुला वाटंल तसं कर," शालू आईला म्हणाली.

एवढंच म्हणाली. नाही म्हणायला तोंड होतं, पण आईपुढं बयाबाईची बाजू घ्यायची तर आणखी एक गोष्ट बोलावी लागली असती, आणि ती गोष्ट शालूनं आईलाच उलटी सांगून ठेवली होती.

कोयनेचा भूकंप झाला तेव्हाची ती गोष्ट. छबू तीन महिन्यांची होती. पहाटे घर गदगदा हलायला लागलं, भांडी फळीवरनं खाली आली, कौलं सुटायला लागली, आणि जो तो उठून बाहेर पळाला. सयाजी पळाला, धोंडुबाई पळाली, शालूही पळाली. बोळाच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली तेव्हा तिच्या ध्यानात आलं की हात रिकामे आहेत. पोर पाळण्यात होती. शालूनं किंकाळी फोडली, पण पाय उचलेनात. खरंच उचलेनात हो. आणि तेवढ्यात गोठ्यातनं म्हशी सोडून आलेली बयाबाई कुणाला काही न विचारता आत शिरली. बाहेर आली तेव्हा छबू तिच्या छातीशी होती आणि कपाळावरनं रक्त गळत होतं. कौल पडलं होतं. शेजारच्या हुसेनबीनं आपल्या पदराची चिंधी फाडून तिथं हळद दाबली.

चार दिवसांनी बाळाबाई धावत नात बघायला आली. "पोर कुणी काढली बाहेर?" असं तिनं विचारलं, आणि शालूच्या तोंडातनं निघून गेलं, "मी." का निघालं देव जाणे. पोटची पोर टाकून पळाले असं जन्मदात्या आईला कसं सांगायचं? बाळाबाईनं लेकीच्या डोक्यावरनं हात ओवाळून कडाकडा बोटं मोडली. बयाबाई तिथंच उभी होती, कपाळाला फडकं बांधून. "तुमाला काय लागलं वं?" बाळाबाईनं विचारलं. बयाबाई म्हणाली, "पळताना पडले." आणि चहा टाकायला आत गेली. त्या दिवसापासून शालूला जावेच्या डोळ्याला डोळा देणं जड जायचं. उपकाराचं ओझं असलं की माणूस पाय धरतो, नाहीतर राग धरतो. शालूनं राग धरला. तो सोपा होता.

दुपारी बाळाबाई पाळणा सजवायला बसली, आणि निरोप शालूलाच द्यावा लागला. चुलीवर घुगऱ्यांचं मोठं पातेलं होतं. बयाबाई मीठ घालत होती.

"आक्का," शालू उंबऱ्याशी उभी राहून म्हणाली, "आधी वरवंटा पाळण्यात घालतात न्हवं, तो तुमी घ्या सुंद्रावन्संच्या हातनं. मग... मग जरा घुगऱ्यांकडं बघा. बाळाला माजी आई घील."

सुंद्रा म्हणजे सयाजीची बहीण, कागलला दिलेली. नाव ठेवायचा मान आत्याचा, तेव्हा पाळण्याच्या एका बाजूला ती असणारच. समोरची बाजू थोरल्या काकूची, हे न बोलता ठरलेलं होतं.

बयाबाईनं मिठाचा हात तसाच धरून ठेवला. तिला कळायला एवढासाही वेळ लागला नाही.

"व्हय गं," ती म्हणाली. "घुगऱ्या बुडाला लागत्यात. कुणीतरी पायजेच हितं." आणि हातातलं मीठ पातेल्यात टाकत, "उभी राहू नगंस उंबऱ्यात. वारं लागंल."

ती भांडली असती, दोन शब्द फेकून मारले असते, तर शालूला बरं वाटलं असतं. ती बाजेवर येऊन बसली. धोंडुबाईनं हे सगळं ऐकलं होतं. शालूनं सासूकडं बघितलं, की ही तरी काही म्हणेल. धोंडुबाईनं मान खाली घालून सुपारी कातरली. नातवाच्या जिवाची गोष्ट आली की शहाणी माणसंही गप्प बसतात.

चारला बायका जमल्या. मधलं घर भरलं. हुसेनबी साखरेचा पुडा आणि बाळाला हिरवं झबलं घेऊन आली. पुरुषमाणसं सोप्यात. आल्या आल्या सगळ्यांनी छबूला मध्ये घेतली, आणि छबूनं दातांचं, डब्याचं, देवाचं, सगळं पुन्हा सांगितलं. बायका एकमेकींच्या अंगावर पडून हसल्या.

"लई इपितर हाय गं तुजी लेक!" सुंद्रा म्हणाली.

मग वरवंटा आला. धुऊन, हळदकुंकू लावून, कुंची घालून. बाळ दगडासारखं टणक व्हावं, दगडाइतकं जगावं म्हणून आधी त्याचं बारसं. शालूनं त्या कुंचीकडं बघितलं आणि तिचा जीव चरकला. ती बयाबाईनं शिवलेली होती. स्वतःच्या लग्नातल्या इरकलीचा पदर कापून, गेले दोन महिने दुपारी गोठ्याच्या दारात बसून, टोकाला मोत्याचे घोस लावून. बाळाच्या डोक्यावर मात्र कुरुंदवाडची मखमल होती. बाळाबाईनं हे कधी केलं शालूला कळलं नव्हतं. आता कळलं, तरी ती बोलली नाही.

"कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या," सुंद्रानं वरवंटा पाळण्याखालनं दिला. बयाबाईनं तो दोन्ही हातांनी घेतला, मान सावरावी तसा एक हात वरच्या टोकाखाली धरून, आणि पाळण्यावरनं परत दिला. तीनदा झालं. मग तिनं पदर खोचला, बाजूला झाली आणि चुलीकडं गेली. तिच्या जागी बाळाबाई येऊन उभी राहिली.

"आता बाळ आणा."

शालूनं बाळ उचललं. तेवढ्यात खालनं आवाज आला.

"काकूला दगड का?"

बायका सवयीनं हसल्या. छबू बोलली म्हणजे हसायचंच.

"दगड न्हवं, बाळाचा भाऊ हाय त्यो," सुंद्रा म्हणाली.

"मग काकूची कुंची त्याला का? काकूनं बाळासाठी केलती. मी सुई ओवून दिलती."

आता हसणाऱ्या निम्म्या झाल्या. बाळाबाईनं डोळे वटारले. "गप बस छबे. काकूला काम हाय आत. घुगऱ्या शिजत्यात."

"शिजल्यात," छबू म्हणाली. "मी दोनदा खाल्ल्या." आणि मग तिला काहीतरी उमजल्यासारखं झालं. ती बाळाबाईजवळ गेली आणि तिच्या पदराला धरून अगदी समजुतीनं सांगू लागली. "कुरुंदवाडच्या आज्जी, काकू बाळाला पाडंल म्हणून भितीस काय? न्हाई पाडत ती. ती फक्त भूकंपाला भिती. आता कुठं भूकंप हाय?"

"भूकंपाला कसली भिती?" मागनं कुणीतरी विचारलं. छबूला गोष्ट सांगायला एवढं पुरे होतं.

"भूकंप आला तवा मी पाळण्यात होते. सगळी पळाली. काकू तर सगळ्यांच्या आधी पळाली, बोळाच्या तोंडापर्यंत. माझी आई एकटी आत आली. वरनं कौलं पडत होती, धाड धाड! आईनं मला असं छातीशी धरलं आन् आणलं भायेर. आन् काकू पळताना पडली, म्हणून तिच्या कपाळावर खूण हाय. काकू रोज झोपताना सांगती मला. म्हणती, तुझ्या आईसारखी आई कुणाची न्हाई. काकू भित्री हाय, पण मी तिला चिडवत न्हाई."

हुसेनबीनं तोंड उघडलं, "अगं पोरी, ते..." आणि शालूच्या चेहऱ्याकडं बघून मिटलं. सुंद्रा खाली बघायला लागली. धोंडुबाईच्या हातातला अडकित्ता थांबला. सोप्याच्या दारात पानाचं तबक घेऊन सयाजी उभा होता, तो तसाच मागं सरकला. घरातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. फक्त बाळाबाई तेवढी कौतुकानं मान हलवत होती. "माजी लेक तशीच हाय," ती शेजारणीला म्हणाली.

शालूच्या कानात ऊन पाणी ओतल्यासारखं झालं. रोज झोपताना. चार वर्षं. जिनं पोर नेली नेली म्हणून आपण जळलो, ती अंधारात त्या पोरीला थोपटत रोज एकच सांगत होती, की तुझी आई थोर आणि मी पळपुटी. आपली एक थाप तिनं इतकी जपली, की कपाळावरची खूणसुद्धा आपल्या थापेला देऊन टाकली. आणि तिच्या हातात आपण आज दगड दिला. धरणीमाय, तेव्हा फाटलीस, आता का फाटत नाहीस, असं तिला झालं.

"छबे," ती म्हणाली. "ते खोटं हाय."

"काय?"

"पळाली ती मी. तुला पाळण्यात टाकून पळाले. बोळाच्या तोंडापर्यंत मी गेलते. आत काकू गेली. कौल काकूच्या डोक्यात पडलं."

"शाले!" बाळाबाई ओरडली. "काय बरळतीस? बाळंतवारं शिरलं काय अंगात?"

"न्हाई आई. तुला मी खोटं सांगितलं. ह्या सगळ्यांना ठावं हाय. इचार आत्याबाईंना."

बाळाबाईनं धोंडुबाईकडं बघितलं. धोंडुबाईनं अडकित्ता खाली ठेवला. "खरं हाय, ईनबाई," ती म्हणाली. "आन् मघाशी बयाला चुलीकडं धाडलं तवा मीबी गप बसले. माजं तोंड काय शिवलं न्हवतं."

तेवढ्यात चुलीकडनं बयाबाई आली. आली ती चिडून. तिला एवढं चिडलेलं या घरानं कधी बघितलं नव्हतं. हातात उलथनं तसंच.

"अगं ए शालू, अक्कल हाय का तुला? पोरीसमोर काय बोलतीस? चार वर्सं मी..." तिनं उलथनं शालूपुढं नाचवलं. "पोरीला आई मोठी वाटाय पायजे का नको? काकूचं काय, काकू काय पळाली तरी चालतीया!"

शालूनं बाळाच्या डोक्यावरची मखमली कुंची काढून बाजेवर ठेवली. वरवंट्याची इरकली कुंची सोडली, गाठ सुटेना, शेवटी सुंद्रानं सोडवली. ती तिनं बाळाला घातली. मोत्याचे घोस बाळाच्या खांद्यावर आले. कुंची बेताची बसली. मग तिनं बाळ सुंद्राच्या हाती दिलं आणि बयाबाईपुढं वाकली.

"आक्का, मला शिव्या द्या पायजे तेवढ्या. पर आधी हिकडं उभ्या ऱ्हावा."

"माजं हात घुगऱ्यांचं हाईत."

"असू देत."

बयाबाई हलली नाही. बाळाबाई अजून पाळण्याच्या त्या बाजूला उभी होती. मग बाळाबाईनं काय विचार केला तिचा तिला ठाऊक, तिनं आपल्या नव्या लुगड्याचा पदर पुढं केला, बयाबाईचे दोन्ही हात धरले आणि पुसले. एकेक बोट पुसलं. मान वर करायचं तिला झालं नाही. पुसून झाल्यावर ती भिंतीशी जाऊन बसली.

"कुणी गोविंद घ्या," सुंद्रानं म्हटलं. आवाज रडका आला.

"कुणी गोपाळ घ्या," बयाबाईनं पाळण्याखालनं बाळ घेतलं.

सुंद्रानं बाळाच्या कानात कुर्रर्र केलं, नाव सांगितलं, उदय, आणि बायकांनी तिच्या पाठीत दणादण धपाटे घातले. घर पुन्हा बोलायला लागलं. घुगऱ्या वाटल्या. थोड्या बुडाला लागल्याच होत्या, पण त्या दिवशी नाव ठेवायची कुणाची छाती झाली नाही.

दिवे लागले तेव्हा बायका गेल्या होत्या. शालू बाजेवर भिंतीकडं तोंड करून पडली होती. बाळ बयाबाईच्या मांडीवर होतं, पलीकडं, पाळण्याजवळ. दोघी जावा एक शब्द बोलल्या नव्हत्या. छबू घुगऱ्यांची वाटी घेऊन आली आणि बाजेवर चढून आईच्या पाठीशी बसली.

"आई, म्हणजे तू भित्री हाईस?"

शालूला वळून पोरीकडं बघवेना. "व्हय," ती भिंतीलाच म्हणाली.

छबूनं जरा वेळ घुगऱ्या खाल्ल्या. मग तिनं आपला घुगऱ्यांचा हात आईच्या केसांवरनं फिरवला, काकू फिरवायची तसाच.

"असू दे," ती म्हणाली. "मी तुलाबी चिडवणार न्हाई."